बोटभर सैनिकाची साक्ष

लंडनच्या चेल्सी भागातील राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात वॉटर्लूच्या रणभूमीचा एक भव्य देखावा जतन करून ठेवलेला आहे. सुमारे चारशे चौरस फुटांच्या त्या विस्तारात टेकड्या आहेत, उभ्या पिकांची शेते आहेत, कुंपणे आणि वाडे आहेत. आणि या सर्वांमध्ये शिसे व कथील यांच्या मिश्रणातून ओतलेले, नखाएवढ्या उंचीचे सत्तर हजारांहून अधिक सैनिक उभे आहेत. १८ जून १८१५ रोजी सायंकाळी सातच्या सुमारास नेपोलियनने आपल्या राखीव गार्ड पलटणी अखेरच्या चढाईसाठी पुढे काढल्या. तो क्षण या देखाव्यात स्थिरावला आहे.

हा देखावा घडविणारा विल्यम सायबोर्न हा ब्रिटिश फौजेतील एक लेफ्टनंट होता. १८३० साली वरिष्ठांनी हे काम त्याच्यावर सोपविले. ते हाती घेताच त्याने वॉटर्लू गाठले, ला हे सेंत या इतिहासप्रसिद्ध वाड्यात आठ महिने मुक्काम ठोकला आणि रणभूमीचा चप्पा न् चप्पा मोजून काढला. त्यानंतर लढाईत भाग घेतलेल्या हयात अधिकाऱ्यांना त्याने पत्रे धाडली. त्या सायंकाळी तुमची तुकडी नेमकी कोठे होती, समोर शत्रूची रचना कशी होती, आसपासच्या शेतांत पीक कोणते उभे होते, असे त्याचे प्रश्न असत. उत्तरादाखल त्याच्याकडे सुमारे सातशे पत्रे जमली. पुढे सरकारने या कामाचा खर्च थांबविला, तेव्हा सायबोर्नने पदरमोड करून आणि कर्ज काढून ते तडीस नेले. १८३८ साली लंडनमध्ये देखावा खुला झाला आणि लाखभर लोकांनी एकेक शिलिंग मोजून तो पाहिला. तरीही सायबोर्नचे कर्ज काही फिटले नाही.

परंतु त्याला खरा मनस्ताप दिला तो कर्जाने नव्हे. हाती आलेल्या पुराव्यांच्या आधारे त्याने ब्रिटिशांच्या मदतीला आलेल्या प्रशियन सैन्याच्याही हजारो आकृत्या देखाव्यात मांडल्या होत्या. सायंकाळी सातला प्रशियन फौजा इतक्या पुढे आलेल्या दाखविणे म्हणजे विजयाच्या श्रेयात त्यांना मोठा वाटा देणे होते. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या गोटाला हे रुचले नाही. आक्षेप आले, दबाव आला आणि अखेरीस कर्जात बुडालेल्या सायबोर्नने प्रशियन सैनिकांच्या बहुतेक आकृत्या काढून टाकल्या. १८४९ साली तो मरण पावला. प्रशियन सैन्याची कामगिरी त्या विजयात किती निर्णायक होती, हे आज इतिहासाच्या अभ्यासकांना निराळे पटवून द्यावे लागत नाही.

नखाएवढ्या सैनिकाचे भय कशासाठी?

युरोपातील सर्वांत बलाढ्य सेनापतीच्या गोटाला कथिलाच्या नखाएवढ्या बाहुल्यांची दखल घ्यावीशी का वाटली, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. त्याचे उत्तर या छंदाच्या स्वरूपातच दडलेले आहे. शब्दांनी लिहिलेल्या इतिहासात संदिग्धतेला भरपूर वाव असतो. ‘सायंकाळच्या सुमारास मित्रसैन्यही येऊन मिळाले’ एवढे एक वाक्य लिहिले की लेखक मोकळा होतो. किती वाजता आले, किती आले, कोणत्या ओढ्यापर्यंत आले, हे सांगण्याचे बंधन त्याच्यावर राहत नाही. देखावा मांडणाऱ्याला मात्र ही पळवाट उपलब्ध नसते. त्याला प्रत्येक सैनिक एका विशिष्ट जागी उभा करावा लागतो. मांडला तर तो तेथे असतो आणि काढला तर तेथे नसतो.

जी गोष्ट जागेची, तीच रंगाची. एखाद्या पलटणीच्या अंगरख्याची कॉलर कोणत्या रंगाची होती हे ठाऊक नसेल, तर लेखक तो उल्लेख टाळू शकतो. कुंचला हाती घेतलेल्या माणसाला मात्र कोणता ना कोणता रंग द्यावाच लागतो. वॉटर्लूला लढलेल्या स्कॉटिश पलटणींचे अंगरखे सारखेच लाल होते. पण कॉलर आणि बाहीच्या टोकाची पट्टी ४२ व्या ब्लॅक वॉचची निळी, ७९ व्या कॅमेरन हायलँडर्सची हिरवी आणि ९२ व्या गॉर्डन हायलँडर्सची पिवळी होती. ब्रिटनच्या पादचारी गार्ड पलटणींमध्ये तर आजही अंगरख्यावरील गुंड्यांच्या मांडणीवरून पलटण ओळखली जाते. ग्रेनेडियर गार्डच्या गुंड्या एकेक, कोल्डस्ट्रीमच्या दोन-दोन, स्कॉट्सच्या तीन-तीन, आयरिशच्या चार-चार आणि वेल्शच्या पाच-पाच अशा गटांत असतात. हे ज्ञान मिळवल्यावाचून दोन इंचांचा सैनिक नीट रंगविता येत नाही. म्हणूनच सैनिकांच्या लघुप्रतिकृती रंगविण्याच्या व संग्रहित करण्याच्या छंदाकडे निव्वळ विरंगुळा म्हणून पाहणे अपुरे ठरते. इतिहासाला नेमके प्रश्न विचारण्याची ती एक रीत आहे, आणि त्या दृष्टीनेच तिचे मोल केले पाहिजे.

बालखेळापासून व्यासंगापर्यंत

सैनिकांच्या लहान आकृत्या घडविण्याची प्रथा फार प्राचीन आहे. इजिप्तमधील अस्यूत येथे मेसेहती नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात लाकडाच्या रंगीत सैनिकांची दोन पथके सापडली. ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची आहेत. एका पथकात चाळीस इजिप्शियन भालाईत आहेत, तर दुसऱ्यात चाळीस न्युबियन तिरंदाज. दोन्ही पथकांतील सैनिकांचा वर्ण, शस्त्रे आणि वेश त्या अनाम कारागिरांनी वेगवेगळे दाखविले आहेत. त्यांनी दाखविलेल्या या काटेकोरपणामुळेच त्या काळच्या सैनिकाची ढाल कशी होती, हे आज सांगता येते.

आधुनिक काळातील या छंदाचे माहेरघर म्हणजे जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहर. तेथील हिल्पर्ट या कारागिराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कथिलाच्या चपट्या आकृत्या मोठ्या संख्येने बनविण्यास आरंभ केला. पाटीच्या दगडावर उलटे कोरीवकाम करून साचा तयार करावयाचा, त्यात वितळलेले कथील ओतावयाचे आणि निघालेली पातळ आकृती हाताने रंगवावयाची, अशी ही पद्धत होती. पुढे त्याच शहरातील हाइनरिक्सेन या कारखान्याने १८४८ साली आपल्या सैनिकांची उंची तीस मिलिमीटर ठरविली आणि इतरांनीही तीच स्वीकारली. वरकरणी क्षुल्लक वाटणाऱ्या या निर्णयाने या विषयाला एक मानदंड दिला. कोणत्याही कारागिराचे सैनिक एकाच देखाव्यात शेजारी शेजारी उभे करता येऊ लागले. बव्हेरियातील कुल्मबाख येथील प्लासेनबर्ग गढीत १९२९ पासून केवळ अशा आकृत्यांचे संग्रहालय असून त्यात सुमारे तीन लाख आकृत्या आहेत.

इंग्लंडमध्ये १८९३ साली विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने पोकळ ओतकामाची युक्ती शोधून काढली. साच्यात ओतलेला रस बाहेरून थिजताच आतील उरलेला रस परत ओतून घ्यावयाचा. परिणामी धातू कमी लागे आणि किंमतही उतरे. ५४ मिलिमीटर उंचीचे हे सैनिक सर्वसामान्य घरांतील मुलांच्या हाती पोहोचले. विन्स्टन चर्चिल यांनी आपल्या बालपणीच्या दीड हजार सैनिकांविषयी लिहून ठेवले आहे. मुलाने शिस्तीत मांडलेली ती सेना पाहून वडिलांनी त्याला लष्करात जाण्याची इच्छा आहे काय, असे विचारले आणि त्या एका प्रश्नाने त्याच्या आयुष्याची दिशा ठरली. पुढे शिशाच्या विषारीपणाची जाणीव वाढली व १९६६ साली ब्रिटनच्या कारखान्यात शिशाचे सैनिक बनणे थांबले. खेळणे म्हणून त्यांची जागा प्लॅस्टिकने घेतली. परंतु तोवर खेळणाऱ्या मुलांतून अभ्यासू प्रौढांची एक पिढी उभी राहिली होती. १९३५ साली लंडनमध्ये स्थापन झालेली ब्रिटिश मॉडेल सोल्जर सोसायटी ही अशाच प्रौढांची संस्था.

कुंचल्याची साधना

अशा छांदिष्टाची कार्यपद्धती पाहिली म्हणजे ‘छंद’ हा शब्द तोकडा वाटू लागतो. आकृती हाती आल्यावर प्रथम साच्याच्या जोडरेषा कानशीने घासून काढाव्या लागतात. मग ती धुऊन तिला अस्तराचा पातळ हात द्यावा लागतो. त्यानंतर रंगाचे थर चढतात. ते इतके पातळ असावे लागतात की चेहऱ्यावरील बारीक उठाव बुजता कामा नये. येथे एक गमतीचा पेच उद्भवतो. दोन इंचांच्या आकृतीवर पडणारा उजेड तिच्या वस्त्रांच्या चुण्यांत खऱ्या माणसाइतकी गडद सावली पाडू शकत नाही. तेव्हा सावली रंगवून दाखवावी लागते आणि उंचवट्यांवर फिकट छटा द्यावी लागते. शिवाय मूळ कापडाचा रंग जसाच्या तसा वापरला तर लहान आकृतीवर तो भडक आणि काळपट दिसतो. म्हणून तो किंचित उजळ करून घ्यावा लागतो. दुरून पाहिलेल्या माणसाचा आभास अशा रीतीने हातातल्या वस्तूत उतरतो. डोळ्याचे बुबुळ रंगविताना तर जाणकार श्वास रोखून धरतात.

परंतु कुंचला हाती घेण्यापूर्वीचे काम याहून कितीतरी मोठे असते. त्या वर्षी त्या पलटणीला नवी टोपी मिळाली होती की जुनीच चालू होती? मोहिमेच्या तिसऱ्या महिन्यात सैनिकांच्या पायांत सरकारी बूट उरले होते काय? घोड्याचा तंग चामड्याचा होता की सुती पट्ट्याचा? या प्रश्नांची उत्तरे सरकारी फर्माने, शिंप्यांच्या पावत्या, समकालीन चित्रे, संग्रहालयांतील जीर्ण अंगरखे आणि सैनिकांची पत्रे यांतून शोधावी लागतात. एखादा कारकून वा शिक्षक नोकरी सांभाळून चाळीस वर्षे असा शोध घेत राहतो, तेव्हा एका विशिष्ट मोहिमेच्या गणवेशाबाबत त्याचे ज्ञान विद्यापीठातील प्राध्यापकालाही पुढे नेणारे ठरू शकते. सायबोर्नने जमविलेली पत्रे आज ब्रिटिश ग्रंथालयात असून त्यांतील निवडक पत्रे त्याच्या मुलाने १८९१ साली प्रसिद्ध केली. वॉटर्लूचा अभ्यास करणाऱ्याला आज ती टाळता येत नाहीत. देखाव्यासाठी जमविलेली साधने देखाव्याहूनही मोलाची ठरली, ही या छंदाच्या सामर्थ्याची साक्ष आहे.

या साधनेला एक करुण बाजूही आहे. हौसेने केलेल्या सुंदर ओक लाकडाच्या कपाटात ठेवलेले शिशाचे सैनिक काही वर्षांनी पांढऱ्या भुकटीत परिणत होऊ लागतात, कारण ओकमधून सुटणारी आम्लयुक्त वाफ शिशाला खाऊन टाकते. संग्राहकाच्या मृत्यूनंतर तर संग्रहावर दुसरेच संकट येते. अमेरिकेतील प्रसिद्ध प्रकाशक माल्कम फोर्ब्ज यांनी मोरोक्कोमधील टँजिअर येथील आपल्या प्रासादात लाखाहून अधिक सैनिकांचे संग्रहालय उभारले होते. १९९० साली ते निवर्तले आणि पुढील काही वर्षांत संग्रहालय बंद होऊन ते सैन्य लिलावात विखुरले गेले. जेथे धनकुबेराच्या संग्रहाची ही अवस्था, तेथे सामान्य छांदिष्टाच्या संग्रहाचे काय? सैनिक विकले जातात आणि त्यांच्या पाठीमागचा अभ्यास, वह्यांतील टिपणे, बहुधा रद्दीत जातात. वस्तूपेक्षा तिच्यामागील ज्ञान आधी नष्ट होते, हे प्रत्येक संग्राहकाने आणि त्याच्या कुटुंबीयांनी ध्यानात ठेवावे असे सत्य आहे.

युद्धाचे वेड की युद्धाचे भान?

या छंदावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शिशाचे सैनिक मुलांना युद्धाची चटक लावतात, रक्त-चिखल झाकून चकचकीत गणवेश तेवढा दाखवितात, असे म्हटले जाते. आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये विकल्या जाणाऱ्या पेट्यांत लाल अंगरख्यातील गोरा सैनिक विजयी वीर असे, तर झुलू योद्धा त्याने हरवायचा शत्रू असे. हिंदी घोडदळातील स्किनर्स हॉर्सचे स्वारही त्या पेट्यांत असत. पण साम्राज्याच्या वैभवाचे एक रंगीत अंग म्हणून! आकृती कोण घडवितो यावरून तिच्यातील नायक कोण हे ठरते, ही गोष्ट ज्या समाजांनी स्वतःच्या आकृती स्वतः घडविल्या नाहीत त्यांनी विशेषतः लक्षात घ्यावयास हवी.

तथापि छंदाचा स्वभाव युद्धखोर आहे, हे मान्य करता येत नाही. ‘लिटल वॉर्स’ हे या खेळाचे नियम सांगणारे पुस्तक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली लिहिले, ते स्वतः युद्धाचे विरोधक होते. खऱ्या युद्धाच्या तुलनेत हा जमिनीवरचा खेळ किती निरुपद्रवी आहे, आणि खरे युद्ध किती प्रचंड चुकांचा कारभार असते, हेच त्यांना त्यातून सांगावयाचे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध भडकले. ते पेटविणाऱ्या मुत्सद्द्यांपुढे शिशाचे सैनिक नव्हते, नकाशे होते. नकाशावर पलटण म्हणजे केवळ एक चौकोन असतो. लघुप्रतिकृती रंगविणाऱ्याला मात्र त्या चौकोनातील प्रत्येक माणसाला चेहरा द्यावा लागतो. एका सैनिकावर वीस-पंचवीस तास घालविलेल्या माणसाच्या मनात सैनिकाविषयी सहज तुच्छता निर्माण होत नाही. त्याचे फाटके जोडे, पाठीवरचे ओझे, मलमपट्टी केलेला हात यांचा विचार त्याने केलेला असतो. युद्धाचे वेड आणि युद्धाचे भान यांतील अंतर नेमके येथेच आहे.

दिवाळीचा किल्ला आणि अनुत्तरित प्रश्न

हे सर्व सातासमुद्रापलीकडचे, त्याचा मराठी मनाशी काय संबंध, असे कोणास वाटेल. वस्तुतः ज्या समाजातील मुले दरवर्षी घराच्या अंगणात लष्करी देखावा उभारतात, असा समाज जगात विरळाच असावा. आणि महाराष्ट्र त्यांत अग्रेसर आहे. दिवाळीच्या सुटीत दगड-विटा आणि गोणपाटावर चिखल थापून किल्ला करावयाचा, त्याच्या उतारावर मोहरी वा अळीव पेरून हिरवळ उगवावयाची, बुरूज, दरवाजे आणि टाकी करावयाची, शिखरावर सिंहासनस्थ शिवछत्रपतींची मूर्ती ठेवावयाची आणि वाटावाटांवर मातीचे मावळे उभे करावयाचे, ही परंपरा कोणत्याही परदेशी कारखान्याने शिकविलेली नाही. पुण्याच्या कुंभारवाड्यात दिवाळीपूर्वी मांडलेले मावळे पाहून हरखून न जाणारे मूल मराठी घरात सापडणे कठीण. सायबोर्नच्या देखाव्यामागील प्रेरणा आणि या किल्ल्यामागील प्रेरणा एकाच जातीच्या आहेत.

फरक आहे तो पुढच्या पावलात. न्यूरेंबर्गच्या मुलाचा खेळ प्रौढपणी व्यासंग झाला. मराठी मुलाचा किल्ला मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत टिकतो आणि मग मोडून टाकला जातो. मावळे डब्यात जातात, पुढल्या वर्षी त्यांतील निम्म्यांचे हात तुटलेले असतात. सारे मावळे एकाच साच्यातून निघालेले, एकाच रंगाचे. त्यांच्या शेजारी बंदूकधारी आधुनिक जवान पहारा देतो, आणि गुहेतील वाघ दरवाजापेक्षा मोठा असतो. मुलांच्या आनंदात याने काहीच उणे पडत नाही, पडूही नये. परंतु तेच मूल पंचविशीत, चाळिशीत पोहोचल्यावरही ‘मावळा खरोखर कसा दिसत होता’ हा प्रश्न त्याला पडत नसेल, तर उणीव कोठेतरी निश्चित आहे.

हा प्रश्न विचारण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असे मुळीच नाही. शिवछत्रपती म्हणून भलतेच चित्र प्रचारात असताना वा. सी. बेंद्रे यांनी चिकाटीने शोध घेऊन १९३३ साली महाराजांचे अस्सल चित्र प्रकाशात आणले. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून दप्तरे जमविली आणि १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड प्रसिद्ध केले. राजाचा चेहरा अशा रीतीने समाजाला गवसला. राजासाठी प्राण देणाऱ्या सामान्य शिपायाच्या अंगावरील वस्त्रांचा, त्याच्या जोड्यांचा, त्याच्या ढालीचा तितक्याच आस्थेने शोध घेणे हे काम मात्र अजून बरेचसे शिल्लक आहे.

साधने अगदीच नाहीत, अशी सबब येथे पुढे करता येणार नाही. मनुची या इटालियन प्रवाशाच्या संग्रहातील, मीर महंमद या चित्रकाराने काढलेले शिवछत्रपतींचे अश्वारूढ चित्र पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यात महाराजांसोबत चालणारे पायदळाचे शिपाईही दिसतात. जिंजी येथे राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिलेल्या सभासद बखरीत सैन्यरचनेचा तपशील आहे. पागेतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी ती रचना. त्याच बखरीत पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमल्याचा उल्लेख आहे.

हा शेवटचा तपशील पुस्तकात वाचताना सहज नजरेआड होतो. परंतु कोणी एका हवालदाराच्या पथकाचा देखावा करावयास बसला, तर त्याला अठ्ठावीस आकृत्या घडवाव्या लागतील आणि त्यांतील दोघांच्या हाती तलवार नसेल. एकाच्या पाठीवर पाण्याची पखाल असेल, तर दुसरा घोड्याचा खूर मांडीवर घेऊन नाल ठोकीत असेल. दौडीवर निघालेल्या मराठी घोडदळाचा वेग ज्या व्यवस्थेवर उभा होता, ती व्यवस्था या दोन आकृत्या एका दृष्टिक्षेपात सांगून जातील. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. मग दोघांची खोगिरे एकसारखी दाखवावीत काय, हा प्रश्नही तेथे उभा राहील. विजयाच्या गाथेत नालबंदाला स्थान नसते. देखाव्यात मात्र त्याच्यावाचून पथक अपुरे दिसते.

हेच अलीकडच्या इतिहासालाही लागू आहे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी, तुकडीतील सर्व सहकारी ठार वा जखमी झालेले असताना, एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चाल केली, तो जिंकला आणि तेथेच देह ठेवला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉसने त्यांचा गौरव झाला. वॉटर्लूच्या कोणत्याही पलटणीची गुंडी जगात कोठेही विचारली तर तिचे उत्तर देणारा छांदिष्ट भेटतो. त्या दिवशी त्या मराठा नाईकाच्या अंगावर कोणता गणवेश होता, शिरस्त्राण कोणते होते, काडतुसांची पिशवी कशी बांधलेली होती, हे सांगू शकणारे मराठी घरांत किती निघतील?

पाऊल उचलावे ते असे

यासाठी मोठ्या निधीची वा सरकारी योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीतील किल्ल्यांच्या स्पर्धा गावोगाव भरतात. त्यांच्या परीक्षणात सजावटीइतकेच गुण अचूकतेला दिले, आणि प्रत्येक किल्ल्यासोबत ‘हे कशावरून केले’ याची एक पानभर टीप मागितली, तरी मुलांच्या खेळात अभ्यासाचे बीज पडेल. शाळेतील चित्रकलेच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी एकत्र येऊन वर्षाला एकच आकृती, परंतु पुराव्यानिशी, मुलांकडून रंगवून घ्यावी. मावळे घडविणाऱ्या कुंभार बांधवांना इतिहासाच्या जाणकारांनी खरी चित्रे आणि मोजमापे पुरवावीत. साचा बदलला तर हजारो घरांतील मावळा एकाच दिवाळीत बदलेल. ज्या घरांत असा छंद जोपासला जात आहे, तेथे प्रत्येक आकृतीच्या तळाशी एक क्रमांक आणि वहीत त्या क्रमांकापुढे रंगांचा आधार लिहून ठेवण्याची शिस्त बाळगावी, म्हणजे संग्रह विखुरला तरी ज्ञान विखुरणार नाही.

आणि एक पथ्य सर्वांनीच पाळावयास हवे. पुरावा आवडत्या समजुतीविरुद्ध गेला तर समजूत बदलावी, आकृती काढून टाकू नये. सायबोर्नने प्रशियन सैनिक उचलले, त्याने वेलिंग्टनचा मोठेपणा वाढला नाही. देखावा तेवढा खोटा ठरला. पूर्वजांच्या पराक्रमावर ज्यांची खरी श्रद्धा आहे, त्यांना पुराव्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. पाण्याची पखाल वाहणारा, नाल ठोकणारा, फाटक्या जोड्यांनी घाट चढणारा माणूस देखाव्यात आला, तर स्वराज्याचे चित्र लहान होत नाही. ते कोणी आणि कसे उभारले, हे तेव्हाच पहिल्यांदा डोळ्यांना दिसते.

येत्या दिवाळीत एखाद्या अंगणातील किल्ल्याच्या पायथ्याशी, ओलसर मातीत उगवलेल्या अळिवाच्या कडेला, घोड्याचा खूर मांडीवर घेतलेला एक नालबंद दिसावा. जाणाऱ्या-येणाऱ्याने थांबून ‘हा कोण?’ असे विचारावे आणि दहा वर्षांच्या मुलाने त्याला पागेची सारी रचना समजावून सांगावी. बोटभर सैनिकाकडून याहून मोठी सेवा कोणती अपेक्षावी?